सोवळ्याची तार

बायको गेली तेव्हा भेटायला आलेली माणसं म्हणत होती, म्हातारी विजेला लय भ्यायची. पंख्याचं बटण दाबायलासुद्धा दुसऱ्याला हाक मारायची. मी ऐकून घेतलं. रडायला आलेल्या माणसाशी भांडण कुठं काढा. पण ते खोटं आहे. ती भीत नव्हती, तिला वीज कळली होती. कशी कळली ते मी सोडून आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. शुद्धलेखन बघू नका.

आम्ही माणचे. तिकडं पाणी नाही, काम नाही, म्हणून लढाईत भरती झालो. मला सिग्नलात टाकलं. खांद्याला बंदूक आणि पाठीवर तारेचं रीळ. ह्या छावणीतनं त्या छावणीत टेलिफोनची तार ओढत न्यायची, एवढंच काम. तिथं एका हवालदारानं आम्हाला सर्किट शिकवलं. आम्ही शर्किट म्हणायचो. तो म्हणायचा, वीज निघाली त्या जागी परत पोचली पाहिजे. जायला वाट आणि यायला वाट. यायची वाट नसली तर ती निघतच नाही.

टेलिफोनला खरं तर दोन तारा लागतात, पण आम्ही एकच ओढायचो. दुसरीच्या ऐवजी लोखंडी मेख जमिनीत ठोकायची. परतीची वाट म्हणजे जमीन. माती कोरडी असली की पलीकडचा आवाज यायचा नाही, मग मेखेवर पाणी ओतायचं. प्यायलाच पाणी नसलं तर जवान मेखेवरच उभे राहून मोकळे व्हायचे. हवालदार म्हणायचा, शाब्बास, आता साहेबाशी बोला. आम्ही हसायचो. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जमीन ही एक तारच आहे, आणि ओली जमीन म्हणजे चांगली तार. अनवाणी माणूस जन्मभर त्या तारेवर उभा असतो.

लढाई संपली, घरी आलो, लग्न झालं. सांगलीला हळद दळायच्या गिरणीत काम मिळालं. गिरणीच्या मालकाच्याच घराच्या मागं दोन खोल्या होत्या, त्या त्यांनी राहायला दिल्या. म्हणजे भाकरी त्यांची आणि छप्परही त्यांचंच. पुढं जे सांगणार आहे त्यात हे ध्यानात ठेवा.

घरात नवीन वीज आली होती. मालकांच्या सोप्यात म्हणजे ओसरीवर एक दिवा, देवघरात एक, माडीवर एक. भिंतीवर लाकडी पट्ट्या मारून पट्ट्यांच्या आतनं तारा नेल्या होत्या. आमच्या खोल्यांत रॉकेलची चिमणीच होती. मधल्या अंगणात पाण्याचा दगडी हौद, त्याच्या शेजारी ओलसर भिंत. हौदाची अलीकडची बाजू घरच्यांची आणि पलीकडची आमची. तिथं आमची ही धुणं-भांडी करायची. तिला सहावा चालू होता. सातव्यात माहेरी पोचवायची असं ठरलं होतं.

घरात सोवळं कडक. मालकांची बहीण, तिला सगळे आत्याबाई म्हणायचे, विधवा होऊन भावाकडं राहिलेली. देवाचं, स्वयंपाकाचं सगळं सोवळं तिच्याकडं. सोवळ्याचे कपडे वाळत घालायला अंगणात उंचावर पूर्वी एक बांबू टांगलेला असायचा. मालकांच्या मुलीच्या लग्नात मंडप घातला तेव्हा तो काढला आणि त्या जागी लोखंडी तार बांधली. एक टोक सोप्याच्या भिंतीतल्या खिळ्याला, दुसरं हौदाजवळच्या लाकडी खांबाला. त्या तारेला कुणी शिवायचं नाही. आत्याबाईसुद्धा हात लावायची नाही. कळकाच्या काठीनं लुगडं वर सरकवायची, काठीनंच खाली घ्यायची.

आत्याबाई तोंडाची तिखट. आमच्या हिला म्हणायची, "तुम्हा माणदेशी बायकांना पाणी बघायची सवय नाही. किती सांडतेस."

ही म्हणायची, "आवं आत्याबाई, तिकडं न्हाई म्हणून तर हितं सांडतीया. जलमाची भर काढतीया."

आत्याबाई हसायची नाही. पण हिला डोहाळे लागलेत हे कळल्यापासून रोज दुपारी माडीवरनं हाक मारायची, "पदर धर." आणि वरनं चिंचेचा गोळा नाहीतर आवळा टाकायची. शिवायचं नाही म्हणून वरनं. ही पदर पसरून झेलायची. एकमेकीला कधी बोट लागलं नाही त्यांचं, पण दोघींचं जमलं होतं.

पावसाळा लागला आणि एक दिवस ही मला म्हणाली, "आवं, भिंत चावतीया."

"कुठली भिंत?"

"हौदाची. उठताना हात टेकला की मुंग्या येत्यात. कोपरापातूर."

मी बूट घालून गेलो, भिंतीला हात लावला. काही नाही. ही म्हणाली, "बूट काढा." काढले, ओल्या फरशीवर उभा राहिलो, परत हात लावला. हातात काहीतरी सळसळलं, मुंगळ्यांची रांग चालावी तसं. मी हात काढला आणि वर बघितलं. तारेवर आत्याबाईचं ओलं लुगडं होतं. वारा आला की त्याचं टोक भिंतीला टेकत होतं. तारेवरनं नजर मागं नेली. सोप्याच्या भिंतीतला खिळा लाकडी पट्टीतनं आरपार गेला होता. मंडपवाल्यानं हाताला येईल तिथं ठोकला होता. आतल्या तारेला तो टेकला असणार. म्हणजे अख्ख्या लोखंडी तारेत वीज उतरली होती.

रविवारी मी बॅटरीतला सेल काढला, तिचाच बारका दिवा घेतला, तारेचे दोन तुकडे घेतले आणि हिला समोर बसवलं. तिला नुसतं 'जाऊ नको' म्हणून भागणार नव्हतं. पाणी तिथंच होतं.

"अगं, एका तारेनं दिवा लागत नाही. बघ. आता दुसरी लावतो. लागला. जायला एक, यायला एक."

"आन् आलेली कुठं जाती?"

"परत जाती. गोल."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी फेर हाय."

नागपंचमीला बायका हात धरून गोल नाचतात, त्याला आमच्याकडं फेर धरणं म्हणतात. हवालदारानं महिनाभर शिकवलेलं हिनं एका शब्दात बसवलं.

"एकीनं हात सोडला की समदा फेर थांबतो," ती म्हणाली. "मग बटण म्हंजी हात सोडणारी बाई."

"व्हय. तार तुटली, बटण बंद केलं, दिवा आतनं जळला, काहीही झालं तरी तेच. हात सुटला."

मग ती पोरीसारखी खेळायला लागली. तारेत मधे फट ठेवायची आणि फटीत घरातलं एकेक धरायचं. सुई धरली, दिवा लागला. उलथनं धरलं, लागला. काचेची बांगडी, नाही. हळकुंड, नाही. लाकडी पळी, नाही. शेवटी दोन्ही टोकं दोन हातांत धरून बसली.

"माझ्यातनं जात न्हाई."

"जातं. पण ह्या सेलला जोर नाही, म्हणून कळत नाही. भिंतीतल्या तारेला जोर आहे."

तिनं टोकं खाली ठेवली. "म्हंजी ती वरची तार हात पुढं करून हुबी हाय. कुणी फेर धरतंय का बघत."

"व्हय."

"आन् आत्याबाई काठीनं घालती म्हणून वाचली."

"व्हय. काठी कोरडी आहे तोवर."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. ते सोप्यात होते, पायात खडावा. ते घरात कायम खडावाच घालायचे. त्यांनी ऐकून घेतलं, मग मला मीटरपाशी नेलं.

"सगळी बटणं बंद आहेत. चाक हलतं का?"

"नाही."

"वीज गळत असती तर चाक फिरलं असतं. तुझं शिक्षण लष्करात ठेव."

"मालक, फेर पुरा झाल्याबिगार चाक फिरत नाही. अजून पुरा झाला नाही, म्हणून उभं आहे."

"आणि मी रोज ह्या भिंतीला हात लावतो. मला कसं काही होत नाही?"

"तुमच्या पायात लाकूड आहे."

त्यांनी पायाकडं बघितलं आणि हसले. "माझ्या खडावांवर येऊ नकोस. सोवळ्याच्या तारेला तुझा हात लागायचा नाही, हे सरळ सांगतो. श्रावण सरू दे, मग माणूस बोलवून बघू."

जास्त बोललो असतो तर दोन्ही गेलं असतं, गिरणी आणि खोली. हिला घेऊन कुठं जाणार होतो. मी हौदापाशी आमच्या बाजूला एक फळी टाकली आणि हिला म्हणालो, फळीवरनं उतरायचं नाही, भिंतीला शिवायचं नाही. ती फळीवर बसून भांडी घासायची. आत्याबाई वरनं म्हणायची, "राणी झालीस की गं, पाटावर बसतेस." ही म्हणायची, "तुमी बी बसा, आत्याबाई. काठी ओली असंल तर लुगडं घालू नका." आत्याबाई म्हणायची, "माझं सोवळं मला शिकव आता."

आठ-दहा दिवस उघडीप झाली. भिंत वाळली, चावायची थांबली. मालक मला गिरणीत म्हणाले, "बरी झाली का रे भिंत?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण घरी येताना रोज पहिल्यांदा त्या तारेकडं बघायचो. गंजलेली साधी तार. पक्षीसुद्धा बसायचे तिच्यावर. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्याचा जमिनीशी संबंध नाही, म्हणून तो मरत नाही. पण बघणाऱ्याला वाटणार, चिमणी बसते मग काय आहे त्यात. ती तार चांगली दिसत होती, हेच वाईट होतं.

पंचमी आली. पहाटेपासून पाऊस, मग उघडलं. गिरणी बंद होती. मालकांच्या दोन्ही लेकी माहेरी आल्या होत्या, शेजारच्या बायका जमत होत्या, फरशी ओली चकचकीत, आणि फेर अंगणातच धरायचा होता. तारेच्या खाली. बाया सगळ्या अनवाणी. फेर धरताना हात वर जातात. मला राहवेना. मी मालकांकडं गेलो.

"मालक, आजच्या दिवस मेन बंद करा."

"देवघरात दिवा लावलाय. पाहुणे आहेत."

"मग मला खिळा उपटू द्या. घटकेचं काम आहे."

मालकीणबाई आतनं म्हणाल्या, "आज पंचमी. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, उपटायचं नाही. एवढं कळत नाही का? उद्या कर काय ते."

उद्या कर म्हणाल्या. म्हणजे पहिल्यांदाच परवानगी मिळाली होती, ती एक दिवस उशिरा.

पाहुण्यांपुढं मी परत तेच काढलं म्हणून मालक चिडले होते. पूजा नुकतीच झाली होती, ते सोवळ्यातच होते. "हे बघ," म्हणाले आणि सोप्यातलं बटण खट्कन बंद केलं. सोप्यातला दिवा विझला. "गेली वीज. आता?"

दिवा विझला म्हणजे वीज गेली, असंच सगळ्यांना वाटतं. तेलाच्या दिव्याची सवय. वात मालवली की संपलं. पण खिळा बटणाच्या अलीकडं होता. बटणानं दिव्याचा हात सोडवला होता, तारेचा नाही. मी ते सांगेपर्यंत मालकांनी सोप्याच्या पायरीवर, छपराखाली कोरड्यात, खडावांवर उभं राहून हात वर केला आणि तार मुठीत धरली. बायका बघत होत्या.

काही झालं नाही.

त्यांनी तार हलवली. "चावते का?" म्हणाले. लेकी हसल्या. मी म्हणालो, "खाली उतरू नका मालक, आधी हात सोडा." त्यांनी हात सोडला, माझ्याकडं न बघता आत गेले.

आमची ही हौदापाशी फळीवर उभी होती. ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांपुढं, "आवं, त्यांच्या पायात खडावा हायत. ते फेरात न्हाईत." कुणाला कळलं नाही. एक शेजारीण म्हणाली, "फेर आजून धरलाय कुठं, बया."

आत्याबाई तेव्हा आतनं पिळलेलं लुगडं घेऊन आली. फेर सुरू व्हायच्या आत तिला कपडे घालून मोकळं व्हायचं होतं. काठी रात्रभर बाहेर पडून भिजली होती, शेवाळलेली. तिनं ती उचलली, बघितली, परत टेकवून ठेवली. मला वाटलं हिचं ऐकलं तिनं. ओली काठी नको म्हणून ठेवली. आणि मग म्हणाली, "भावानं सोवळ्यातच धरली ना, मग मला कसलं ओवळं?" आणि टाचा उंचावून, ओल्या फरशीवरनं, ओलं लुगडं हातानं तारेवर टाकलं आणि सारखं करायला तार धरली.

ती ओरडली नाही. विजेनं धरलं की ओरडता येत नाही, छातीच आवळते. मूठही आवळते, सोडायची म्हटली तरी सुटत नाही. ती उभीच होती, फक्त अंग थरथरत होतं, आणि एक बारीक घूंऽ असा आवाज येत होता. तो कुठनं येत होता मला अजून सांगता येणार नाही. बायकांना वाटलं, अंगात आलं. एकीनं हात जोडले.

आमची ही सर्वांत जवळ होती. ती फळीवरनं उतरली. पोट घेऊन धावली, हात पुढं करून, आत्याबाईच्या कमरेला मिठी मारायला.

मी तिला मागनं धरलं. दंड धरला आणि ओढली. ती सुटायला बघत होती. चावली मला, मनगटाला. मी तिला घेऊन खाली बसलो, अक्षरशः बसलो, तिचं वजन माझ्या मांडीवर घेऊन, आणि ओरडलो, "कुणी हात लावू नका." मग तिला एका शेजारणीच्या अंगावर ढकलली, सोप्यातला जेवणाचा लाकडी पाट उचलला आणि पायरीवर चढून खिळ्याच्या तोंडाशी तारेवर घातला. दोनदा घातला. तार खिळ्यातनं निसटून खाली आली आणि आत्याबाई तिच्याबरोबर खाली आली.

आता तिला शिवायला कसलीच भीती नव्हती. फेर तुटला होता. मी तसं ओरडून सांगितलं. तरी कुणी पुढं होईना. ती सोवळ्यात होती ना. लेकी उभ्या, मालकीणबाई उभ्या, मालक आतनं येऊन उंबऱ्यात उभे. हीच रांगत गेली, आत्याबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडावर हात फिरवत राहिली. पहिल्यांदा शिवली तिला. मी छाती दाबून बघितली, लष्करात दाखवली होती तशी. काही उपयोग झाला नाही.

तळव्यावर तार धरलेल्या जागी दोन काळे डाग पडले होते. दिवस पंचमीचा. संध्याकाळपर्यंत गल्लीत नाग झाला. हौदाच्या भिंतीत नाग होता, त्या माणदेशी बाईला आधी चावत होता, मग सोवळं मोडलं म्हणून आत्याबाईला डसला. मालकांनी ते खोडलं नाही. मेन बंद करून मी खिळा उपटला तेव्हा आज उपटायचं नाही असं मला कुणी म्हणालं नाही.

ते घर आम्ही महिना संपायच्या आत सोडलं. गिरणीही सुटली. मालकांनी घालवलं नाही, पण मी समोर आलो की ते मान वळवायचे, आणि तसं काम करता येत नाही. माणात परत आलो. मुलगी झाली, धडधाकट. हिनं त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही नाही. माझ्या मनगटावर तिच्या दातांचे वण होते, ते तिला दिसायचे, मला दिसायचे.

मग एकदा सकाळच्या उन्हात ती मुलीला पायावर घेऊन तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी मला का धरलं?"

"मेली असतीस."

"ती जित्ती हुती तवा."

"व्हय."

"मी ओढली असती आन् सुटली असती तर?"

"सुटली नसती. दोघी गेला असता. ही पोर बी गेली असती."

"तुमाला ठाव हाय?"

मी हवालदाराचं सगळं आठवलं. ओली फरशी, अनवाणी पाय, ओलं लुगडं. जोरात हिसडा बसला असता तर कधीकधी मूठ सुटतेही. मी लढाईत तसं एकदा बघितलं होतं. पाट उचलायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काय झालं असतं, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

"न्हाई," म्हणालो. "पर आता झालं तरी मी तुलाच धरीन."

तिनं मुलीला पालथं केलं, पाठीला तेल घेतलं.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "फळीवरनं उतरतानाच ठाव हुतं की फेर पुरा हुणार म्हणून. तरी बी उतरले."

मुलगी रडायला लागली होती, आणि ती तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.